झिरझिरीत कापडावर फोटो छापायचेत? मग हे आधी वाचा

मार्चच्या शेवटी एकदाच्या प्रदर्शनासाठीच्या फ्रेम्स देऊन आले. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत तर काही नव्हतंच, आणि इंग्रजीत जे सापडत होतं ते बहुतेक अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बायकांचं, त्यात सगळीकडे फ्रीझर पेपर (इस्त्रीने कापडाला चिकटणारा कागद) आणा म्हणून सांगतात जो आपल्याकडच्या किराणा दुकानात मिळत नाही. बटर पेपर म्हणजे तो नव्हे, तो इस्त्रीने कापडाला चिकटत नाही, उगीच वेळ घालवू नका.

मला काय करायचं होतं ते आधी सांगते. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात होतं, उजनी धरणात गेलं. धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याआधीच सगळ्यांना उठवलं होतं, त्यामुळे मी ते गाव पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक होडीने बघायला जातात, तेवढंच काय ते दर्शन. बाबांकडे एका पाकिटात थोडे ब्लॅक अँड व्हाइट फोटो होते: घराचा सोपा, पार, लग्नाची पंगत, आत्या आणि तिच्या मैत्रिणी नदीच्या घाटावर. डोक्यात असं होतं की खाली गावाचा नकाशा, वर हे फोटो, आणि दोन्ही झिरझिरीत कापडावर म्हणजे एकातून दुसरं दिसेल. कागदावर करून पाहिलं होतं, पण ते फारच ठाम दिसत होतं.

ऑक्टोबरमध्ये स्कॅनिंग. फोटो अगदी छोटे, त्यामुळे ३०० डीपीआयवर स्कॅन करून मोठे केले तर नुसता चिखल होतो. स्टुडिओवाल्याला १२०० डीपीआय आणि टिफ फाइल सांगा, माझ्याकडून त्याने फोटोमागे २० रुपये घेतले. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करून घ्या. जुन्या फोटोवरचे पिवळे डाग ब्लू चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त दिसतात आणि रेड चॅनेलमध्ये जवळजवळ गायब होतात, म्हणजे नुसता रेड चॅनेल उचलला की निम्मी साफसफाई आपोआप होते. हे एका फोटोग्राफर मित्राने सांगितलं, नाहीतर मी एकेक डाग पुसत बसले असते.

दिवाळीनंतर कापड. इथे जरा थांबते, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत ऑर्गन्झा मागितला की जे पुढ्यात येतं ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं, आणि सिल्क आहे का विचारलं की "ताई, प्युअरच आहे" हे उत्तर ठरलेलं. भाव ऐकला तरी अंदाज येतो. मला पॉलिएस्टरचा ११० रुपये मीटर पडला आणि खरा सिल्क ऑर्गन्झा ७५० ला. पण भावावर विसंबू नका, घरी येऊन दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. सिल्कला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडता येते. सुती धागा कागदासारखा जळतो. माझ्याकडे 'सिल्क मिक्स' म्हणून दिलेल्या एका तुकड्याचा छान गोल मणी झाला. दुकानदाराशी भांडायला गेले नाही, तो तुकडा पॉलिएस्टरच्या गठ्ठ्यात टाकला, कामाला आलाच.

हे कशासाठी, तर सबलिमेशन (खास शाईचा प्रिंट गरम प्रेसने कापडावर उतरवणं) फक्त पॉलिएस्टरवर बसतं आणि सायनोटाइप (केमिकल लावून उन्हात करायची निळी छपाई) फक्त सुती, रेशीम अशा नैसर्गिक धाग्यावर. उलट केलंत तर पहिल्यात रंग नुसता पुसट राहतो आणि दुसऱ्यात सगळं निळं पाण्याबरोबर मोरीत जातं. कुठला फोटो छापायचा हे नंतर ठरवा, आधी हातात काय कापड आहे ते कळू द्या. बाकी शिफॉन ओढलं की तिरकं होतं आणि माणसांचे चेहरे लांबतात, नेटची भोकं फार मोठी, आणि टिश्यू कापडातली जरी इस्त्रीखाली काय करेल याचा भरवसा नाही. ऑर्गन्झा कडक असतो म्हणून बरा. मलमल पण घेऊन ठेवा एक मीटर, का ते पुढे येईल.

सुरुवात घरच्या प्रिंटरने केली कारण तो फुकट होता. साधा इंक टँकवाला. ए-फोर साइजचे अखंड स्टिकर शीट मिळतात, अप्पा बळवंत चौकात कुठेही, त्याचा मागचा कागद काढून चिकट बाजूवर ऑर्गन्झा ताणून बसवायचा, कडेचे सगळे धागे कात्रीने साफ करायचे आणि जी कड प्रिंटरमध्ये आधी जाणार तिला मास्किंग टेप लावायची, नाहीतर एखादा धागा रोलरला गुंडाळला की झालं. आणि हे ठळक अक्षरात वाचा: लेझर प्रिंटरमध्ये हे कापड कधीही घालू नका, त्यात आत गरम रोलर असतो, पॉलिएस्टर त्याला चिकटलं तर प्रिंटरच्या दुरुस्तीत फ्रेमचे पैसे जातील.

प्रिंट बाहेर आला तेव्हा मी खूश. खरंच सुंदर दिसत होता, सोप्यावर बसलेले आजोबा, मागे खुंटीला टांगलेला कंदील, टोपी सगळं स्पष्ट. मग कापड स्टिकरवरून सोललं आणि आजोबा गेले. म्हणजे धोतर, उपरणं, चेहऱ्याचा उजेडातला भाग सगळं गायब, उरली ती फक्त दाराची अंधारी चौकट आणि मिशी. निम्मी शाई विणीतून खाली स्टिकरवर गेली होती, पण तेवढ्याने हे होत नाही. खरी गंमत अशी की प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही. कागदावर जे पांढरं दिसतं तो कागद असतो. आणि झिरझिरीत कापडाला मागे कागदच नाही, म्हणजे फोटोत जिथे जिथे उजेड आहे तिथे आता मागची भिंत. मी इतकी वर्षं प्रिंट काढतेय पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि एकदा आल्यावर सगळ्या फोटोंकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले: काळं किती, कुठे, आणि मागे काय येणार.

या पद्धतीचा दुसरा प्रश्न म्हणजे घरच्या टँकमधली रंगीत शाई बहुतेक डाय शाई असते, पाण्याचा थेंब पडला की पसरते आणि उन्हात फिकी पडते. पिगमेंट शाईचा प्रिंटर असेल तर बरंच टिकतं. माझ्याकडे नव्हता, म्हणून हे फक्त चाचणीपुरतं ठेवलं. सोललेले स्टिकर मात्र फेकू नका, त्यावर विणीच्या जाळीतून उतरलेली जी पुसट प्रतिमा असते ती फार छान असते, माझ्या वहीत सगळी चिकटवलीयेत.

याच सुमारास जेल मीडियमचा ट्रान्सफर पण करून पाहिला, लेझर प्रिंट उलटा चिकटवून वाळल्यावर कागद पाण्याने चोळून काढतात तो. कॅनव्हासवर मस्त येतो. ऑर्गन्झावर मीडियम सगळी भोकं भरून टाकतं आणि हातात प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ येतो. पुढे जाऊ.

डिसेंबरमध्ये सबलिमेशन. त्यासाठी मशीन घ्यायची काही गरज नाही, मगवर आणि टी-शर्टवर फोटो छापून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. मी तिघांना विचारलं, दोघे म्हणाले आमच्या मटेरियलवरच करून देऊ, तिसरा पोरगा उत्साही निघाला. त्याने कापड उजेडात धरलं आणि म्हणाला, "ताई, ही तर जाळी आहे, रंग आरपार जाईल, माझा प्रेस खराब होईल." बरोबरच होतं त्याचं. सबलिमेशनची शाई उष्णतेने वायू होते आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते, कापड जाड असेल तर तिथेच थांबते, विरळ असेल तर पलीकडे निघून जाते. वर आणि खाली कोरे कागद घालू असं ठरलं, ते मी घरून नेले. ए-फोरच्या एका प्रिंटचे प्रेससकट ५० रुपये, ए-थ्रीचे ९०. फाइल मिरर करून द्यायची, आणि दुकानदाराला पण सांगायचं की केली आहे, नाहीतर तो पण करतो आणि मग घाट नदीच्या उलट्या बाजूला.

टी-शर्टला ते २०० डिग्री लावतात. त्यावर माझा ऑर्गन्झा आक्रसला आणि कडेला लाटा आल्या. १८५-१९० ला, ४० सेकंद, दाब कमी, असं केल्यावर जमलं. कागद आणि कापड हीट टेपने चारी बाजूंनी बांधा, प्रेस उचलताना कागद केसभर सरकला तरी प्रत्येक माणसाला सावली येते. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतला काळा हिरवट येतो, कधी तपकिरी, ते त्यांच्या शाईवर आणि प्रोफाइलवर अवलंबून असतं. त्याच्याशी झगडण्यापेक्षा मी सगळे फोटो आधीच उबदार तपकिरीकडे झुकवले आणि कॉन्ट्रास्ट डोळ्यांना खटकेल इतका वाढवला, कापडावर आल्यावर तो बरोबर दिसतो. आधी एकाच ए-फोरवर छोट्या पट्ट्या करून वेगवेगळे टोन छापून घ्या, पन्नास रुपयांत पुढचे पाचशे वाचतात.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तो पोरगा म्हणाला होता ना रंग आरपार जाईल, तर पुढच्या वेळी मी कोऱ्या कागदाऐवजी खाली ऑर्गन्झाचाच दुसरा तुकडा घातला. वरच्या तुकड्यावर घाटावरच्या बायका नीट आल्या, आणि खालच्यावर त्याच बायका पण विरलेल्या, कडा नसलेल्या, वरच्या कापडाच्या विणीची बारीक जाळी अंगावर घेऊन. चौथ्या थरापर्यंत जाऊन पाहिलं, तिथे फक्त एक तपकिरी धूसर डाग राहतो. शेवटच्या चारही कामांत मी दुसऱ्या थराचेच प्रिंट वापरले, पहिल्या थराचे घरी पडून आहेत. तो पोरगा वैतागला होता की चांगला सोडून खराब का घेताय मॅडम. ताईवरून मॅडमवर आलो होतो तोवर.

दरम्यान नकाशा. गावनकाशाच्या नकलेसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात साधा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आधारची झेरॉक्स आणि नक्कल फी. बुडीत गावांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, पुनर्वसन होऊन जे नवं गावठाण वसलं त्याचं नाव बरेचदा तेच असतं, त्यामुळे अर्जात 'बुडीत क्षेत्रातील जुने गाव' असं स्पष्ट लिहा आणि आजूबाजूच्या गावांची नावं पण द्या. बाबांनी ती पटापट सांगितली, नदीच्या वरून खाली, क्रमाने. अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केला, नक्कल महिनाअखेरीला मिळाली. असं काही लागणार असेल तर अर्ज सगळ्यात आधी टाकून मोकळे व्हा आणि मग कापडं जाळत बसा.

जानेवारीत सायनोटाइप. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत आहे, इंजिनिअर लोकांची ब्ल्यूप्रिंट ती हीच, म्हणून धरणाखाली गेलेल्या गावाच्या नकाशाला मला हीच हवी होती. दोन केमिकल लागतात: फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं घ्या, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. लॅब केमिकल विकणाऱ्या दुकानात दुसरं नाव उच्चारलं की काउंटरवर शांतता पसरते. ते सायनाइड नव्हे, फोटोग्राफीत पूर्वापार वापरतात हे त्यांनाही माहीत असतं, पण वैयक्तिक माणसाला द्यायचं का हा प्रश्न पडतो. मला एका ठिकाणी कॉलेजचं पत्र मागितलं, दुसऱ्या ठिकाणी कशासाठी हवं ते लिहून सही आणि आधार यावर काम झालं. तरी काळजी घ्याच, हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि त्यात ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, म्हणजे बाथरूम साफ करायचं लिक्विड मोरीत आहे आणि तुम्ही त्याच मोरीत हे ओतलंत असं नको, विषारी वायू होतो.

प्रमाण सगळीकडे सापडेल तेच: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम फेरिसायनाइड, वेगवेगळ्या बाटल्यांत, लावायच्या वेळी सारखं मिसळायचं. सिल्क ऑर्गन्झा भरतकामाच्या फ्रेमवर ताणला, फोमच्या ब्रशने लावलं, रात्रभर कपाटात वाळवला. इतक्या विरळ कापडात केमिकल फारसं मावत नाही, एका हातात निळा फिकाच येतो, वाळल्यावर दुसरा हात द्या. खाली काळा कार्डपेपर ठेवा, कारण ऊन कापडातून जाऊन खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतं आणि रेषा फुगतात.

निगेटिव्हचा घोळ नकाशाला होत नाही. मला निळ्या पाण्यात मोकळ्या रेषा हव्या होत्या, म्हणजे नकाशा आहे तसाच ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर) छापायचा, काळी रेष ऊन अडवते आणि तिथे कापड कोरं राहतं. फोटो करायचा असेल तर मात्र निगेटिव्ह करावी लागेल. झेरॉक्सवाल्याचं काळं पुरेसं दाट नसतं, दोन शीट एकावर एक तंतोतंत ठेवून टेप लावली. वर काच, कडेला क्लिपा, आणि गच्ची. पुण्याच्या जानेवारीच्या निरभ्र उन्हात बाराच्या सुमाराला पंधरा-वीस मिनिटं लागत होती, पण घड्याळापेक्षा रंगाकडे बघा. पोपटी-पिवळ्यावरून निळसर होत होत तो राखाडी, जरा धातूसारखा दिसायला लागला की उचला. धुताना निळं बरंच निघून जातं म्हणून जास्त झालेलंच बरं. ढगाळ दिवशी कितीही वेळ ठेवा, मजा येत नाही. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नका.

धुवायचं साध्या पाण्याने, टबात, पिवळं पाणी येणं थांबेपर्यंत. ओला सिल्क ऑर्गन्झा स्वतःलाच चिकटतो म्हणून दोघांनी चार टोकं धरलेली बरी. शेवटच्या पाण्यात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड टोपणभर टाकलं की निळा डोळ्यांदेखत गडद होतो, हा क्षण बघायला घरच्या सगळ्यांना बोलवा. साबण, वॉशिंग पावडर, सोडा काही लावायचं नाही, निळा उडतो. गच्चीच्या फरशीवर मात्र जे निळे ठिपके पडले ते सोड्यानेही पूर्ण गेले नाहीत, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतात.

फेब्रुवारी थर लावण्यात गेला. सारख्या विणीचे दोन ऑर्गन्झा एकावर एक ठेवले की पाण्यावर तेल पसरावं तसे पट्टे हलताना दिसतात, मोआरे म्हणतात त्याला. मला एका कामात ते हवेच होते, बाकीच्यात खालचं कापड थोडं तिरकं फिरवून पट्टे बारीक केले आणि मध्ये अंतर सोडलं. चेहऱ्यांचा प्रश्न तसाच होता, मागे निळा नकाशा आल्यावर तर सगळेच निळ्या तोंडाचे. तिथे मलमल कामाला आली. फक्त चेहऱ्यामागे, बोटभर तुकडा, कडा विरवून, दोन टाक्यांनी धरलेला. लगेच उजेड येतो. सगळ्यांना लावला नाही. ज्यांची नावं आत्याला आठवली त्यांनाच लावला, बाकीच्यांतून नकाशा दिसतो. फेविकॉल कुठेच नको, ऑर्गन्झावर वाळल्यावर तो चकाकतो. एकेरी रेशमी धागा आणि बारीक सुई, दुसरं काही नाही.

प्रदर्शनाचा फॉर्म ऑनलाइन होता, शेवटची तारीख २८ फेब्रुवारी, प्रवेश फी १,२०० रुपये, निवड झाली नाही तरी परत नाही. विभाग चारच: पेंटिंग, शिल्प, ग्राफिक्स, फोटोग्राफी. फोन करून विचारलं तर ग्राफिक्समध्ये टाका म्हणाले. ग्राफिक्सला एडिशन नंबर (एकूण किती प्रतींपैकी कितवी) सक्तीचा, मग सगळ्यांना १/१ लिहिलं. माध्यमाच्या रकान्यात पन्नासच अक्षरं बसतात, त्यात कसंबसं 'ऑर्गन्झावर सायनोटाइप, सबलिमेशन' कोंबलं, शिवणकाम बाहेर राहिलं. नियमांत फ्रेमची खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको असं होतं, हे आधी वाचा, बॉक्स फ्रेम सहज तीन इंचांवर जाते. आणि अशा कामाचा फोटो काढणं हे वेगळंच प्रकरण आहे. पांढऱ्या भिंतीसमोर सगळं फिकं, काळ्यासमोर फोटोच गायब. शेवटी फिक्या राखाडी कार्डपेपरसमोर, बाजूच्या खिडकीच्या उजेडात काढले, आणि थर दिसावेत म्हणून एक तिरका.

निकाल १७ मार्चला लागणार होता, २१ ला मेल आला, चारपैकी दोन घेतल्या. मधल्या काळात मी रोज स्पॅम फोल्डर उघडून बघत होते. मग फ्रेमवाल्याकडे पळापळ. तो म्हणाला काचेऐवजी ॲक्रिलिक लावू, हलकं पडतं. लावून पाहिलं आणि ऑर्गन्झा उडून पुढे ॲक्रिलिकला जाऊन चिकटला, स्टॅटिकमुळे, वर आजूबाजूची सगळी धूळ पण ओढून घेतली. त्यामुळे काचच, आणि आत लाकडाच्या पट्ट्या टाकून कापड आणि काच यांत किमान सेंटिमीटरभर जागा. एका फ्रेमचे १,८०० झाले. सुरुवातीपासूनचा सगळा खर्च बारा-तेरा हजारांत गेला, त्यात फ्रेमा आणि वाया गेलेलं सिल्क हेच मोठे आकडे. सायनोटाइपचं न मिसळलेलं केमिकल तपकिरी बाटलीत महिनोन्महिने टिकतं, फक्त सायट्रेटवर बुरशी येते, ती गाळून घ्यायची. मिसळलेलं मात्र दोन-चार दिवसांत संपवायला लागतं. माझ्याकडे दोन्ही अर्ध्याहून जास्त उरलंय, पावसाळ्याआधी आणखी दोन नकाशे होतील एवढं.